उन्हात ठेवलेली गाडी

देवानंद पूर्वी परतवाड्याहून चिखलदऱ्याला जीप चालवायचा. घाटात गाडी तापली की बॉनेट उघडायचं, तिला दम खाऊ द्यायचा, ही जुनी सवय. यंदा मे महिन्यात त्याला अकोल्यात वेगळंच काम मिळालं. पुण्याच्या एका कंपनीची विजेवर चालणारी कार सकाळी पळवायची आणि दुपारभर उन्हात उभी करायची. कारच्या तळाशी नवी बॅटरी होती. वऱ्हाडच्या उन्हात ती किती तापते, एवढंच बघायचं होतं. कंपनीची इंजिनिअर प्रणाली मूळची चांदूर बाजारची. तिनंच त्याचं नाव सुचवलं होतं.

"काका, सावलीत लावू नका हं," तिनं बजावलं होतं.

त्यानं सावलीत लावली नाही. पण आपल्या भरवशावर सोडलेली वस्तू अशी भाजताना त्याला बघवेना. बैल सोडले की त्याचे वडील आधी त्यांना सावलीत बांधत, मग स्वतः पाणी पीत. त्यानं कारखालच्या जमिनीवर पाणी मारलं, चारी बाजूंनी खालच्या अंगाला ओली पोती लावली. गरम वारा पोत्यांतून गार होऊन आत शिरू लागला, घरच्या कूलरसारखा. संध्याकाळी पोती काढायची. असं रोज.

आठवड्यानं प्रणाली लॅपटॉप घेऊन धावतच आली. "काका, बॅटरी अकोल्याला पुरून उरली! पुण्यात सगळे खूश आहेत. आता हीच बसवणार."

"लोकाईच्या गाड्याईत?"

"हो. टॅक्सीवाल्यांच्यासुद्धा."

देवानंदचं तोंड उतरलं. भरल्या टॅक्सीखाली पोती कोण लावणार होतं? त्यानं भिंतीशी ठेवलेला ओलसर ढीग दाखवला.

"मॅडम, मी इले गार ठेवून राहिलो होतो."

ती बघतच राहिली. "काहून जी काका?" तिची गावची भाषा तोंडून निघून गेली.

"जीव नाही मानला."

तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. "चूक माझी आहे, सर. मीच नीट समजावलं नव्हतं... हो सर. सगळं पुन्हा करावं लागेल."

तिनं नीट समजावलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेला तिच्याखेरीज तोच एकटा होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उगाच एका पोत्याची घडी घालत राहिला.

"आता मी काय करू?"

"काही करू नका, काका. तेवढंच काम आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कार उघड्यावर तापत होती. पलीकडच्या चहाच्या टपरीवरून केशरबाई ओरडली, "काहून रे देवानंद, आज पाणी नाही? लोकाची गाडी हाय म्हून भाजून राहिला का? सोताची असती तं?"

टपरीवरचे दोघे हसले. सांगायला गेलं तर सांगता आलं असतं. पण कालची लाज कुठं संपते आणि ही कुठं सुरू होते, ते त्याला कळेना. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि तसाच कारकडे बघत उभा राहिला.