आंदणाचे पलंग, सरकारी मशीन

आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पाइपचे तुकडे साचतात, तसेच हे किस्सेही साचले. तुकडे भंगारवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकतो.

बसवकल्याणहून उमरग्याकडं जाताना रस्त्याला आमचं वर्कशॉप लागतं. लग्नात मुलीला द्यायचं लोखंडी सामान आम्ही बनवतो: पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल. मालक शिवलिंग अण्णा. वेल्डिंगला निर्णा गावचा मारुती, रंगाला रज्जाक पेंटर. मी ठाणाकुशनूरचा, बी. कॉम. झालेला, त्यामुळं कागदपत्रं माझ्याकडं. कोरोना आला, लग्नं बंद झाली, आणि तयार पलंग एकावर एक उभे राहिले. तेवढ्यात सरकारची स्कीम आली. लहान कारखानदारांनी हॉस्पिटलचं सामान बनवायला घेतलं तर नव्या मशीनला अनुदान मिळणार होतं. अट एकच. ठरलेली वर्षं संपेपर्यंत त्या मशीनवर हॉस्पिटलचंच सामान व्हायला पाहिजे. दुसरं काही केलेलं सापडलं, तर अनुदान परत.

अण्णांनी सही केली ती हे समजून की परत करायची वेळ आली तर वर्कशॉप विकावं लागेल, मारुती आणि रज्जाक हैदराबादचा रस्ता धरतील. तेव्हापासून ती अट आमच्या मानेवर बसली.

*

अर्ज भरताना जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब मला म्हणाले, "सध्याचं उत्पादन काय?"

मी म्हटलं, "लग्नाचे पलंग."

"लग्नाचं लिहू नका. वरचे लोक हसतील."

"मग काय लिहू?"

साहेबांनी पेन टेबलावर आपटत विचार केला आणि स्वतःच लिहिलं: 'मानवी विश्रांतीची साधने.' अण्णांना वाचून दाखवलं, तर त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "इतकी वर्सं म्या हे करायलोय, मला कुणी सांगितलंबी न्हाई."

*

मशीन यायला वेळ होता आणि पेशंट थांबत नव्हते. तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलातून फोन आला की आजच्या आज पलंग पाहिजेत. अण्णांनी तयार लग्नाचे पलंग घेतले, मधून कापून अरुंद केले, खाली चाकं बसवली. डोक्याकडची बाजू वर-खाली करायला हँडल मारुतीनं हातानं घडवलं. फिरवलं की ते असं कर्रकर्र वाजायचं की शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं.

राहिला मोर. आमच्या प्रत्येक पलंगाच्या डोक्याकडच्या पत्र्यावर रज्जाक पिसारा फुलवलेला मोर रंगवायचा, खाली 'शुभ विवाह'. पांढरा रंग कुठल्याच दुकानात मिळेना, दुकानंच बंद होती. उरलेल्या डब्यात 'शुभ विवाह' तेवढं झाकलं. मोर तसाच वॉर्डात गेला.

साहेब फोटो काढायला आले आणि बघतच राहिले. "हॉस्पिटलात मोर कशाला? पेशंट काय वरातीला चाललाय का?"

रज्जाक म्हणाला, "साब, मोर क्या बिगाड्या?"

"इथून पुढं एका पलंगावर जरी मोर दिसला ना, अनुदान विसरा," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले. रज्जाकला ते फार लागलं. मोर रंगवायला तो वडिलांकडून शिकला होता.

*

पुढच्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरचा फोन. "अण्णा, अजून मोराचे पलंग हायत का? हितं भांडणं लागायलीत. मोराच्या पलंगावरची माणसं बरी होऊन घरी जायलीत म्हणून कुणीतरी आवई उठवलीय. आता समद्यांना तोच पाहिजे. एक आजी सलाईन हातात धरून उभी हाय, साध्या पलंगावर बसंना."

अण्णा म्हणाले, "न्हाई अक्का. मोर सरकारनं बंद केलाय."

मग सिस्टर म्हणाली, "कामून, मोराला बी झालाय का?"

*

मशीन आलं तेव्हा पहिली लाट ओसरलेली होती. पाइप वाकवायचं मशीन, निळं, चकचकीत. मारुती त्याला हात लावायच्या आधी हात धुवायचा. अण्णांनी भस्म लावून पूजा केली. साहेबांनी बजावलं की सरकारच्या मदतीनं घेतलंय हे मशीनवर ठळक दिसलं पाहिजे.

आता आमच्याकडं आंदणाच्या प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव असतं. कपाट मामाकडून, पलंग आत्याकडून. रज्जाकच्या हाताला तेच वळण. त्यानं मशीनवर सुंदर अक्षरात लिहिलं: 'राज्य सरकारकडून सप्रेम भेट.' भोवती वेलबुट्टी.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, सरकार काय मामा आहे का?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मामा कशाला इतकं देतोय, साहेब."

ते अक्षर अजून तसंच आहे. पुसायला सांगायचं साहेबांच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहू दिलं नाही.

*

दुसऱ्या लाटेचा किस्सा नाही. मशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायचं आणि तरी पलंग पुरायचे नाहीत. वॉर्डातून फोन यायचा, "एक पलंग मोकळा झालाय, तुमचा दुसरीकडं पाठवा," आणि मोकळा कसा झाला हे आम्ही विचारायचो नाही. मला भीती वाटायची, फोनचीच. मारुतीचा थोरला भाऊ निर्ण्याहून हॉस्पिटलात आणताना वाटेतच गेला. तिसरा दिवस करून मारुती कामावर आला. अण्णा म्हणाले, "घरी बस रे." तो म्हणाला, "घरी बसून काय करू अण्णा? हितं निदान हात चालायलेत."

त्याच दिवसांत आमचे साहेब फोन उचलेनासे झाले. दुसरेच कुणी साहेब बोलायचे. पाऊस लागला तेव्हा ते परत आले. शर्ट अंगात लोंबत होता आणि ऑफिसचा जिना चढताना कठड्याला धरून थांबायचे. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षात कोण कुणाला काय विचारणार.

*

मग सगळं उलटं झालं. हॉस्पिटलांना पलंग पुरून उरले आणि थांबलेली लग्नं एकदम निघाली. ऑर्डरींचा ढीग, आणि मशीन अटीखाली झाकून ठेवलेलं. मारुती पाइपात वाळू भरून, तापवून, हातानं वाकवायचा आणि मधूनमधून मशीनकडं बघायचा. दावणीला चरणारा बैल ठेवून आपण नांगर ओढायचा, तसला प्रकार.

शेवटी वैतागून अण्णा म्हणाले, "लग्नाच्या पलंगाला बी हँडल लावा. हँडल असलं की झाला हॉस्पिटलचा. साहेबानं इचारलं तर दावायला बरं."

"अण्णा, हे चालंल का?" मी विचारलं.

"न्हाई चाललं तर वर्कशॉप जातंय. असं बसून राहिलो तर बी जातंय. काढ ते कापड."

मशीन सुरू झालं. रज्जाकनं मात्र मोराला हात लावला नाही. ह्या मशीनचा पलंग म्हणजे साहेबांचा पलंग, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

पहिलंच गिऱ्हाईक भालकीचं. नवरीच्या आईनं पलंगाला चारी बाजूंनी फेरी मारली. "मोर न्हाई, आन् हे हँडल कामून?"

"टेकून बसता येतंय, अक्का."

"व्हय, पण फिरवायचं कुणी? पोरीनं का जावयानं?"

अण्णा म्हणाले, "ते देण्याघेण्याच्या याद्या करताना ठरवून घ्या."

लग्नानंतर कळलं, की त्या पलंगावर दुसऱ्याच दिवशी नवरदेवाचे आजोबा जाऊन झोपले. टेकून बसलं की दम लागत नाही म्हणाले आणि उठायलाच तयार नाहीत. नवरा-नवरी खाली सतरंजीवर. तरी त्याच गावातून पुढच्या ऑर्डरी आल्या, सगळ्या हँडलवाल्या. आमच्या भागात नवऱ्या मुलीपेक्षा म्हाताऱ्यांची सोय आधी बघतात, हे अण्णांना आधीच माहीत असावं.

*

आणि मग एक दिवस न सांगता साहेब आले.

मशीन चालू होतं. बाहेर तयार पलंग उभा होता, साध्या पत्र्याचा, हँडल लावलेला. संध्याकाळी टेम्पोत चढायचा होता. मारुतीनं मशीन बंद केलं, आणि ते बंद केल्यानं जास्तच संशयास्पद दिसलं.

"हा पलंग कुठं चाललाय?" साहेबांनी विचारलं.

"उमरग्याला," अण्णा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"उमरग्याला कुठल्या हॉस्पिटलला?"

अण्णा पलंगावरची धूळ पुसू लागले. साहेब पलंगाभोवती फिरले आणि पायथ्याशी थांबले. मीही पाहिलं. मोर सोडला होता तरी रज्जाकच्या हाताची सवय कुठं जाणार? पायथ्याच्या पत्र्यावर वेलबुट्टीत लिहिलेलं होतं: 'चि. सौ. कां. अंबिका हिस मामाकडून सप्रेम भेट.'

साहेबांनी ते सगळं वाचलं. सावकाश वाचलं. अण्णा मशीनकडं बघत होते. अंगणातून गाय सोडून नेताना बघतात तसं बघत होते. मारुतीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला समजेना.

"झोपून बघतो," साहेब म्हणाले.

त्यांनी बूट काढून बाजूला नीट ठेवले आणि उघड्या लाकडी फळीवर आडवे झाले. गादी आणायला अण्णा वळले तर हातानंच नको म्हणाले. "हँडल फिरव."

मारुती खाली बसून फिरवू लागला. तेच कर्रकर्र. साहेबांची पाठ हळूहळू वर आली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, "बास. वॉर्डात इथंच असायचं."

शेजारच्या गिरणीचा पट्टा तेवढा फिरत होता. साहेबांनी डोळे न उघडताच हात डोक्यामागं नेला आणि कोऱ्या पत्र्यावरून बोटं फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग मान वळवून वर बघितलं.

"मोर कुठाय?"

रज्जाक दारात उभा होता. घाबरत म्हणाला, "साब, तुमीच तो बंद कराए थे."

साहेब पुन्हा टेकून बसले.

"रंगव," ते म्हणाले. "मी थांबतो."