फळ्याची पुसलेली बाजू

कारखान्यात तिला सगळे वरची काकू म्हणत. बाकीचे खाली असत आणि काकू वर, एवढंच त्याचं कारण. छपराखालून धावणाऱ्या क्रेनला काचेची एक केबिन लटकलेली होती. तिच्यात बसून काकू लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे आणि टाक्यांची झाकणं या टोकाकडून त्या टोकाला नेई. कामाला लागली होती ती झाडू मारायला. मग जेवणाच्या सुट्टीत जुन्या क्रेनवाल्याच्या मागे लागून, त्याच्या शिव्या खाऊन ती दांडे हलवायला शिकली. "बाईमाणसाला वर चक्कर येईल," असं मुकादम म्हणाला, तेव्हा तिनं त्याला ऐकवलं होतं, "चक्कर मला तुमचं बोलणं ऐकून येते, दादा. वर निदान ऐकू कमी येतं."

केबिनला दार होतं आणि दाराला आतून कडी. घरी दोन खोल्यांत नवरा, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याचं शिलाईचं मशीन. आपण लावावी आणि आपण काढावी अशी कडी तिला दुसरीकडे कुठे मिळालीच नव्हती. शिवाय वरून सगळ्यांची डोकी दिसत. कोणाला टक्कल पडायला लागलंय हे त्याच्या बायकोच्या आधी काकूला कळे.

खाली साखळ्या अडकवायला बोका असे. डोळे घारे, चाल बिनआवाजाची, म्हणून बोका. काय उचलायचं आणि कुठे ठेवायचं ते तो वॉकीटॉकीवर सांगे. काकू तेच आपल्या शब्दांत त्याला उलट विचारी: "म्हणजे मोठं झाकण, खिडकीकडच्या टाकीवर. बरोबर?" बोका "बरोबर" म्हणाला की मगच तिचा हात दांड्याला लागे. साखळीत बोटं बोक्याची असत, त्यामुळे या कटकटीचा त्याला कधी कंटाळा आला नाही.

मग कारखान्याला बाहेरदेशचं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच्यापाठोपाठ धाकटे साहेब आले. वयानं लहान, हुशार, रागीट. वाईट म्हणावा असा माणूस नव्हता. गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार, कानाला वॉकीटॉकी लावून उभे राहणार, आणि त्यांना ऐकू काय येणार, तर काकू आणि बोक्याचं कीर्तन! साहेबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. काकू एकदा बोलायला लागली की दुसऱ्या कोणाला वाट मिळत नसे. तेव्हा फर्मान निघालं: क्रेनवरच्या सगळ्यांनी इंग्रजीत छोटी उत्तरं द्यायची. त्यासाठी शिकवणी, शिकवणीनंतर परीक्षा. नापास होईल तो पॅकिंगला.

पॅकिंग म्हणजे खोके चिकटवणं. तिथे दारही नाही आणि कडीही नाही.

शिकवणी कॅन्टीनमध्ये भरली. मॅडम नव्या होत्या, उत्साही होत्या. त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे समजलं हे सांगायच्या तऱ्हा: अंडरस्टुड, गॉट इट, आय सी, क्रिस्टल क्लिअर. उजवीकडे त्या काहीतरी लिहायला लागल्या, तेवढ्यात साहेब डोकावले.

"ते कशाला? वेळ जातो. डावीकडचं पाठ झालं की पुरे."

मॅडमनी उजवी बाजू पुसली. वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. काकू मात्र त्या पुसलेल्या बाजूकडेच बघत राहिली.

वर्ग सुटल्यावर तिनं मॅडमना कपबशा धुवायच्या मोरीपाशी गाठलं. "मॅडम, तुम्ही पुसलंत ते काय होतं?"

"नाही समजलं, हे कसं सांगायचं ते. आय डोन्ट फॉलो, म्हणजे माझ्या लक्षात येत नाही. डू यू मीन असं म्हणून पुढे आपल्याला जे वाटलं ते सांगायचं, म्हणजे तुम्हाला हेच म्हणायचंय का. व्हॉट डू यू मीन बाय..."

"अहो, हेच तर मी रोज बोक्याला विचारते! एवढ्या थोडक्यात होतं?"

"होतं की. पण परीक्षेला नाहीये ते."

"परीक्षेचं बघू. तुम्ही सांगा."

घरी मुलीनं सराव घेतला. भाजी चिरता चिरता काकू म्हणे आणि मुलगी उच्चार सुधारे. नवऱ्यानं दोनच शब्द उचलले आणि ते लगेच कामाला लावले. "अहो, येताना साबण आणा." "गॉट इट!" संध्याकाळी स्वारी हात हलवत परत.

"साबण कुठाय?"

"कसला साबण?"

"बघ," काकू मुलीला म्हणाली, "कारखान्यात पण सगळ्यांचं हेच चाललंय. आणि हे परीक्षेत पहिले येतील."

मुलगी हसली. मुलगा हसला नाही, त्याला कारण होतं. तो लहान असताना शाळेच्या मोठ्या बाईंनी काकूला बोलावून इंग्रजीत बरंच काही सांगितलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "इज दॅट क्लिअर?" काकूला लाज वाटली. तिनं मान हलवली, "येस मॅडम" म्हणाली. नवं वर्ष सुरू झालं तेव्हा पोराला त्याच जुन्या वर्गात बसवलं होतं. काकू भांडायला गेली, तर बाई म्हणाल्या, "तुम्हीच हो म्हणालात." मित्र पुढे गेले आणि पोरगं धाकट्या मुलांबरोबर मागे राहिलं. त्या दिवसापासून, न कळता हलणाऱ्या मानेवर काकूचा भारी राग होता. विशेषतः स्वतःच्या.

परीक्षेत साहेब एकेकाला समोर उभं करून इंग्रजीत एक सूचना वाचून दाखवत. पहिला म्हणाला, "अंडरस्टुड, सर." पास. दुसरा म्हणाला, "क्रिस्टल क्लिअर, सर." पास. काय समजलं ते कोणीच कोणाला विचारलं नाही. बोकाही "गॉट इट" म्हणून सुटला आणि काकूची नजर चुकवत भिंतीला टेकला.

काकूची पाळी आली. साहेबांनी वाचलं.

"आय डोन्ट फॉलो, सर," काकू म्हणाली.

साहेबांनी पुन्हा वाचलं, जरा जोरात.

"डू यू मीन, आधी झाकण काढायचं, मग टाकी हलवायची?"

"काकू, ही नुसती परीक्षा आहे. इथे कुठे टाकी आहे? तुम्ही फक्त अंडरस्टुड म्हणा."

"म्हणजे खोटं बोलायची परीक्षा आहे का?"

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "नापास. उद्यापासून पॅकिंग."

दुसऱ्या दिवशी काकू नेहमीपेक्षा लवकर आली, शिडी चढली आणि केबिनची कडी आतून लावून बसली.

खाली गर्दी जमली. मुकादम ओरडला, शिडी चढून दार वाजवून आला, मग विनवणीवर आला. काकूनं त्याला काचेतून हात जोडून नमस्कार केला. शेवटी साहेब आले. त्यांनी वॉकीटॉकी उचलली, आणि रागाच्या भरात इंग्रजीच बाहेर पडलं, "कम डाउन इमिजिएटली. इज दॅट क्लिअर?"

सगळ्या कारखान्याच्या कमरेला तीच वॉकीटॉकी होती. सगळ्यांना उत्तर ऐकू आलं.

"नो सर. नॉट क्लिअर."

वेल्डिंगवाल्यांनी काम थांबवलं.

"तुम्ही परीक्षेत फेल झालात, म्हणून खाली या!"

"व्हॉट डू यू मीन बाय फेल, सर?"

साहेबांनी ओठ चावला. मग इंग्रजी सोडून सरळ बोलले, आणि काकूनं त्यांना मध्ये एकदाही तोडलं नाही. गिऱ्हाइकाची अट आहे. चॅनेल मोकळा राहायला हवा. उत्तर लांबलं, तर दुसऱ्या कोणाची धोक्याची हाक अडकून बसेल. सगळं त्यांनी नीट, ओळीनं सांगितलं.

"हे आत्ता समजलं," काकू म्हणाली. "आधी असं कोणी सांगितलंच नव्हतं. चॅनेलचं तुमचं खरं आहे, माझी जीभ लांब आहे. कापते. पण समजल्याशिवाय समजलं म्हणायचं, हे पटलं नाही. आय अंडरस्टँड, सर, बट आय डोन्ट अग्री."

"मग मी क्रेन दुसऱ्याला देतो."

"द्या की. पण दाराची कडी मी काढेन तेव्हा."

साहेबांनी मागे वळून पास झालेल्या एकाला हाक मारली, आणि बोक्याला म्हणाले, "साखळ्या तयार ठेव. काकू उतरल्या की हा वर जाईल."

बोका जागचा हलला नाही. काल तो भिंतीला टेकला होता; आज कशालाच टेकलेला नव्हता.

"नाही लावणार, साहेब. काल मी गॉट इट म्हणालो ना, मला त्यातलं ओ का ठो कळलं नव्हतं. हा पण तसाच पास झालाय." पास झालेल्यानं जमिनीकडे बघत मान डोलावली. "आता माझी बोटं साखळीत, वर हा, आणि दोघंही गॉट इट. मला काढा हवं तर. मला घरी दहा बोटं घेऊन जायचंय."

साहेबांनी वर काचेकडे पाहिलं, बोक्याच्या हातांकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"उद्या परीक्षा परत. खरं वजन लावून. सगळ्यांची."

"आणि जो प्रश्न विचारेल तो?"

"...त्याला नापास करणार नाही."

"आय डोन्ट फॉलो, सर. मागे वेल्डिंगवाल्यांपर्यंत आवाज पोचला नाही. परत सांगा."

साहेबांनी डोळे मिटले. मग प्रत्येक शब्द सुटा करून, वेल्डिंगवाल्यांकडे तोंड करून त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं.

"थँक्यू," काकू म्हणाली. "बोक्या, लाव साखळी. आजचं काम खोळंबलंय."