एक्स-रे खोलीतली दस्ती

ही गोष्ट मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलेली नाही. आणि आमच्या घरात एखादी गोष्ट सुनंदापासून इतकी वर्षं लपून राहते म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा मी हा विषय टाळून गुडघेदुखीचंच बोललो. आज तुम्हाला सांगतो. कावून सांगतो, का म्हणून? — ते मलाही नीट कळलेलं नाही. बसा जरा.

सुरुवात स्वच्छतेपासून करावी लागेल. हसू नका. नोकरीभर मी एक्स-रे टेक्निशियन होतो, अकोटच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. तर त्या दवाखान्यात माझी ख्याती होती — माणिकभाऊ म्हणजे स्वच्छ माणूस. शर्टाची इस्त्री मोडत नसे. पेशंट खोकला की मी पटकन तोंड भिंतीकडे करून श्वास रोखायचो. म्हणजे ‘श्वास घ्या, रोखा’ हे मी सांगायचं पेशंटला, आणि रोखायचो मी. कधी कधी तर ‘सोडा’ म्हणायलाही दम उरायचा नाही, अन् तो बिचारा डोळे फाडून तसाच उभा.

याच ख्यातीमुळे मला अमरावतीला प्रशिक्षणाला पाठवलं. रुग्णसेवा आणि संसर्गापासून बचाव, असा विषय. सकाळी मी मन लावून ऐकलं. दुपारी जेवणात जिलबी होती, मठ्ठा होता — आता राजेहो, जिलबी-मठ्ठ्यावर संसर्गाचं व्याख्यान कोणाला झेपतं? डोळा लागायच्या आधी एवढंच कानावर पडलं की प्रत्येक पेशंटनंतर प्लेट, म्हणजे पेशंट जिला टेकून फोटो काढतो ती, पुसायची. पुढचं मी घोरण्यात घालवलं. मग शिकवणाऱ्या मॅडमनी नेमकं मलाच उठवून विचारलं, पुसायचं फडकं कधी बदलायचं? मी म्हटलं, खराब दिसलं की. सगळा हॉल हसला. मला वाटलं, झोपमोडीला हसले. मीही हसलो. सर्टिफिकेट घेऊन गावी आलो आणि नेमानं प्लेट पुसायला लागलो.

कशानं पुसायची? दस्तीनं. तुम्ही रुमाल म्हणता, आम्ही दस्ती म्हणतो. ही चांगली टॉवेलच्या कापडाची होती, साळ्याच्या लग्नात आहेर म्हणून आलेली, गडद जांभळी. सकाळी वाटीभर पाण्यात डेटॉलचे थेंब टाकायचे, दस्ती भिजवायची, पिळायची, की दिवसभराची निश्चिंती. कोणी छातीचा फोटो काढायला हनुवटी टेकवून उभा राहिला — पुसलं. कोणी सर्दीवाला नाक-हनुवटी प्लेटला चिकटवून ‘आ’ करून बसला — पुसलं. पेशंटच्या कपाळावर घाम दिसला तर तोही पुसला, माया म्हणून. आणि तिचा रंग असा गुणी की ती कधी खराब दिसलीच नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अख्ख्या दवाखान्यात एसी एकाच खोलीत होता — माझ्या. माणसांसाठी नव्हे हो, मशीनसाठी. त्यामुळे मेट्रनबाई, क्लार्क, ड्रायव्हर, झाडूवाला, ज्याला उकडलं तो ‘काय म्हणता माणिकभाऊ’ करत आत यायचा, खुंटीवरच्या गार ओल्या दस्तीनं तोंड पुसायचा आणि जायचा. डेटॉलचा वास आला की माणसाला वाटतं, आपण शुद्ध झालो. मी मात्र ती दस्ती माझ्या तोंडाला कधी लावली नाही. माझ्या खिशात घरची दुसरी होती — पांढरी, घडीची. लोकांची पुसलेली मी कशाला वापरू?

आता तुम्ही म्हणाल, माणिकराव, कळलं. थांबा, एवढ्यात काय कळतं!

ते दिवस पाहणी पथकांचे होते. वऱ्हाडात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आमच्या वॉर्डात त्या वर्षांत कोणता शेतकरी काय पिऊन यायचा, तेही ठाऊक असेल. त्यावर मी विनोद करणार नाही. पण पथकांवर करतो. कधी मुंबईचं, कधी दिल्लीचं. गाड्यांची रांग यायची, माणसं उतरायची, मान हलवायची, जायची. असंच एक मोठं पथक आमच्या दवाखान्यात येणार म्हणून भिंतींना चुना लागला, आणि नेमके त्याच आठवड्यात गावात डोळे यायला लागले.

आधी पेशंट. मग मेट्रनबाई. मग क्लार्क. मग तर हजेरीला उभे राहिलेले सगळेच लाल. डोळ्यांच्या डॉक्टरची जागा आमच्याकडे कायम रिकामी, त्यामुळे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचे सुजलेले डोळे मिचकावत हुकूम काढला : पथकासमोर सगळ्यांनी काळे चष्मे लावायचे. राजेहो, काय ती रांग होती! मेट्रनबाईंनी नवऱ्याचा मोटारसायकलचा गॉगल घातला होता, आणि ड्रायव्हरचा चष्मा जत्रेतला, पोराचा, एका काचेवर वाघ असलेला. रांगेत उघड्या डोळ्यांचा माणूस एकच — मी. मोठ्या डॉक्टरांनी मला पुढं केलं. “सर, हा आमचा माणिक. पाहा, स्वच्छता पाळली तर साथ शिवत नाही.” मी मान खाली घातली. विनयानं हो, शरमेनं नाही — शरम वाटावी एवढं मला अजून कळलेलं नव्हतं.

पथकातल्या मोठ्या साहेबांचं डोकं धुळीनं धरलं होतं. आमच्या डॉक्टरांना भलताच उत्साह. “सर, एक फोटो काढून घ्या, सायनस असेल!” साहेब माझ्या खोलीत आले. मी त्यांच्या देखत दस्ती डेटॉलमध्ये बुचकळली आणि प्लेट पुसली. मग पुन्हा पुसली, व्हीआयपी म्हणून. नाक-हनुवटी टेकवून घेतली. कपाळावर घामाचा थेंब होता, तो टिपला. साहेब म्हणाले, “व्हेरी हायजिनिक.” हे इंग्रजी मी सुनंदाला अनेकदा ऐकवलं आहे. पुढचं काही नाही ऐकवलं.

तीन-चार दिवसांनी पेपरात साहेबांचा फोटो आला. कुठल्याशा गावात उभे, डोळे लाल, पाणी गालावर. खाली लिहिलं होतं की वऱ्हाडची परिस्थिती पाहून साहेबांना अश्रू आवरले नाहीत. गावात सगळे गहिवरले. माणूस दिलाचा आहे म्हणाले. मी तो फोटो पाहिला आणि उजेडात धरून पुन्हा पाहिला — कारण फोटो पाहणं हा माझा धंदा आहे. पापण्या सुजलेल्या होत्या. रडून एवढ्या सुजत नाहीत.

साहेब आमच्या गावचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्यांचा थर्मास, त्यांचे कप, त्यांचा शिपाई. कोणाशी हात मिळवला नाही, लांबूनच नमस्कार. या दवाखान्यात त्यांच्या तोंडाला लागली असेल तर एकच वस्तू. मी खुंटीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ती दस्ती नाकाजवळ नेली — डेटॉल वर होता, खाली भलतंच काही होतं. आणि तो सगळा हॉल हसलेला आठवला.

इथपर्यंत चूक होती. चुकीला काय, माणूस आहे, चुकतो. हे मी तुम्हाला हसत हसत सांगू शकतो, सांगितलंच. पुढचं सांगायला जीभ जड होते. म्हणूनच एवढा फेरा मारला, नाही का?

जिल्ह्याहून फोन आला. साहेबांचे डोळे आलेत, दवाखान्यातूनच आलेत, साथीचं मूळ शोधा. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं आणि चष्म्याआडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिकून आलेला मीच. डोळे शाबूत असलेला मीच. “माणिक, तू सांग. कशानं पसरलं?”

मी खरं सांगू शकत होतो. काय झालं असतं? बोलणी बसली असती, फार तर बदली लांब जंगलात, धारणीला. पण ‘व्हेरी हायजिनिक’ गेलं असतं हो! मेट्रनबाई हसल्या असत्या. माझी नजर खिडकीबाहेर गेली. पोर्चमध्ये सत्तारभाई बसला होता. सत्तारभाई म्हणजे आमचा चहावाला — त्याच्या बापानं तिथं पहिली शेगडी मांडलेली, मग त्यानं चालवली. पेशंटचे नातेवाईक रात्र काढून उठले की पहिला घोट त्याच्या चहाचा. तो त्या वेळी बादलीत ग्लास खळबळत होता.

“ग्लास,” मी म्हणालो. “त्याची बादली एकच आहे ना.”

कोणीच विचारलं नाही की साहेबांनी त्याचा चहा कुठं घेतला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फरक एवढाच की चोरानंच संन्याशाचं घर दाखवलं. त्याच दुपारी शेगडी उठवायचा हुकूम निघाला.

सत्तारभाई भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मीही उलट दिल्या असत्या. तो माझ्या खोलीच्या दारात आला, आत नाही आला — आपल्यामुळं आत कोणाला लागण होईल म्हणून. दारातूनच म्हणाला, “माणिकभाऊ, तुमी शिकून आलेले. खरं सांगा. माह्या गिलासानंच झालं का हे?”

जांभळी दस्ती माझ्या हातात होती. मी म्हटलं, “हाव.”

मले तवा नाही म्हणता आलं असतं. हे मात्र मले शुद्ध भाषेत सांगताच येत नाही. माह्या तोंडून हाव निघालं, आन् तो मान हलवून गेला.

त्याच संध्याकाळी मी ती दस्ती मागच्या उकिरड्यावर जाळली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला नवा कापूस घ्यायला लागलो, हात धुवायला लागलो, एसी खायला येणाऱ्यांना हाकलायला लागलो. साथ आठवड्यात ओसरली. सगळे म्हणाले, बघा, शेगडी गेली अन् साथ गेली! मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. पोर्चमध्ये चहाचं मशीन आलं. त्याचा चहा असा होता की पेशंट तो पिण्यापेक्षा घरी जायचे.

सत्तारभाईनं एसटी स्टँडच्या मागं गाडी लावली. मी तिथं चहा प्यायला जातो. हाव, जातो — हे कसलं धाडस, विचारा. नाही गेलो तर त्याला वाटेल मला त्याचा चहा चालत नाही, असं मी मनाला सांगतो. तो ग्लास उकळत्या पाण्यातून काढतो, बोटांची टोकं भाजून पांढरी झालेली आहेत. पावसाळ्यात कुठं डोळ्यांची साथ ऐकली की स्वतःच गाडी बंद ठेवतो. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, “या भाऊनं मले अक्कल देली.”

गेल्या ईदला गेलो होतो. त्याचा लहान नातू गाडीजवळ बसून रडत होता, आजोबानंच सुरमा घालावा म्हणून हट्ट. पूर्वी सगळ्या मोहल्ल्यातल्या पोरांना सत्तारभाईच सुरमा घालायचा, हात इतका हलका. त्या दिवशी त्यानं पोराला उचलून सुनेकडं दिलं. माझ्याकडं वळून, जणू माझीच परवानगी मागत म्हणाला, “आपण लेकराच्या डोयाले हात नाई लावत आता. आपला हात बरोबर नाई. बरोबर करतो ना भाऊ मी?”

मी म्हटलं, “बरोबर आहे. जपलेलं बरं.”

चहा चांगला होता. मी आणखी एक मागितला.