पडवीतला कलच

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. मी माझ्या तान्ह्या लेकीला, शकूला न्हाऊ घालत होते आणि शेठची लॉरी पोलादपुरात नेमकी आमच्या दारासमोर अडली. तिथून हे सगळं सुरू झालं. मोटारवाल्याच्या घरात जुने पार्ट साठतात तसे किस्सेही साठतात. दोन्ही टाकवत नाहीत!

आमचे हे त्या लॉरीचे ड्रायव्हर. महाडला माल भरायचा आणि महाबळेश्वरचा घाट चढायचा. त्या दिवशी इंजिन नुसतं ओरडत होतं, चाकं काही हलेनात. इंजिनाचा जोर चाकांना पोचवणारा कलच घसरत होता म्हणे.

सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "नुसती वरडते, काम काय करीत नाय. माझ्या धाकट्या जावेच्या म्हायेरची हाय काय रे ही?"

*

दौलत मिस्त्रीला बोलावलं. "मुंबईत साहेबाच्या गाड्या खोलल्यात मी!" हे त्याचं पहिलं वाक्य. जेवायला बसला तरी पहिलं वाक्य तेच!

त्याने कलच काढून पडवीत ठेवला. लोखंडाची खोलगट परात, तिच्या कडेला कातड्याचा पट्टा. कातडं वाळून पापड झालेलं.

"एरंडेल पाजा याला," मिस्त्री म्हणाला.

घरात एरंडेलाची बाटली एकच, तीही शकूची. तिचं पोट कालपासून साफ नव्हतं. मी बाटली पदराखाली घट्ट धरून उभी.

"अगं, शेठ खोळंबलाय!" हे म्हणाले.

सासूबाईंनी निवाडा केला, "दोघांचंबी पोट बिघडलंय. अर्धं अर्धं दे गो!"

शकूला गुण आला. कलचाला नाही.

*

मग शेठने मुंबईहून दुसऱ्या कुठल्यातरी लॉरीचा जुना कलच आणला, गोणपाटात गुंडाळून.

"नव्यासारखा आहे. एकाच्याच हातचा!"

मिस्त्रीने विचारलं, "मग ती गाडी कुठं हाय?"

"ते कोण विचारत बसतो?"

सगळे हसले. मी चहा ठेवायला आत गेले ती चुलीपुढे बसूनच राहिले. चढावर कलच सुटला तर गाडी मागे येते, हे यांनीच लग्नानंतर मला गमतीने सांगितलं होतं. मागे काय असतं, ते सांगितलं नव्हतं.

*

बसवण्याआधी पार्ट तपासायचा. मिस्त्रीने तो घासलेटमध्ये बुडवला, कोरडा पुसला आणि मला हाक मारली, "वैनी, रांगोळी हाय काय?"

मी डबा दिला. त्याने चिमटीने सगळ्या लोखंडावर रांगोळी भुरभुरली. सासूबाईंना वाटलं, पूजा मांडली. त्यांनी लगबगीने हळदकुंकू आणून लावलं, वर जास्वंद ठेवलं!

"आजी, पूजा नाय गो! भेग असली तर आत मुरलेलं घासलेट बाहेर येतं, रांगोळी भिजते."

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पांढऱ्या रांगोळीत हळूहळू एक काळी रेघ उमटली. कुंकवाच्या बोटापासून थेट कडेपर्यंत.

आयुष्यात इतक्या रांगोळ्या काढल्या, पण अशी रेघ मी कधी पाहिली नव्हती.

*

शेठ म्हणाला, "केसाएवढी तर आहे! उद्या सकाळी बसवून टाका. माल पडून आहे."

मिस्त्री साहेबाच्या गाड्या विसरला आणि हात पुसू लागला.

जेवताना मी यांना म्हटलं, "नाही म्हणून सांगा ना."

"सांगितलं, तर उद्या दुसराच कुणी गाडीवर बसेल."

शकू माझ्या मांडीवर खेळत होती. सासूबाई भाकरी वाढत होत्या. त्यांची नजर मात्र पडवीतल्या कलचावर होती.

*

सकाळी शेठ आला. पडवीत गोणपाट होतं, कलच नव्हता. तेवढ्यात सासूबाई नदीवरून आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावर रिकामी पाटी.

"आजी, इथला कलच कुठाय?"

"इसर्जन केलं."

"कसलं विसर्जन!"

"भंगलेला देव घरात ठेवीत नाय, शेठ. कुंकू लावलं व्हतं मी त्याला. सावित्रीच्या डोहात सोडला."

"अहो, तो देव नव्हता, कलच होता!"

"आमाला म्हातारीला काय कळतंय त्यातलं?" म्हणाल्या, आणि शकूला माझ्याकडून घेऊन आत गेल्या.

तर बायांनो, तुम्ही धुण्याला डोहावर जाता. तळाशी लोखंडी परात दिसली, तर हात लावू नका. राहू द्या तिथेच. आणि खालच्या गावांतल्या बायकांनाही सांगून ठेवा.