रॉयस्टनकाकांची मिस्सा

ग्लेन्डा कॅनडात, बर्नाबीतल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शनिवारी मात्र शेजारच्या सरे शहरात वडिलांच्या बेसमेंटमध्ये बसून ती खून पाडते. कागदावर. तिच्या रहस्यकादंबरीतलं घराणं हवाई बेटावरचं, आणि हवाई तिने पाहिलेलंसुद्धा नाही.

"वसईवर लिही की, बाय," मॉरिस म्हणायचे. "तिथे काय गुपितं कमी आहेत?"

मॉरिस म्हणजे तिचे वडील, बोटीवरचे निवृत्त आचारी. कोळंबी सोलता सोलता ते लेकीची प्रकरणं ऐकायचे. त्या शनिवारी ग्लेन्डाने शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. नायिकेला रात्रीच्या रानात मेलेल्या योद्ध्यांची मिरवणूक दिसते. ढोल, मशाली. ती धावत गाडीत शिरते आणि जीव वाचवते.

"चूक," मॉरिस म्हणाले. "पळून कोण वाचतंय? पालथं पडायचं, डोळे मिटायचे. मिरवणुकीतल्या एखाद्या पूर्वजाने ओळखून 'ही माझी' म्हटलं, तरच सुटका."

"डॅडी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रॉयस्टनने. बोट हवाईत होनोलुलूला लागली होती तेव्हा."

म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. रॉयस्टन म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, ग्लेन्डाच्या जन्माआधीच समुद्रात बुडालेला. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, व्हायची. आधी वसईत, आता सरेत.

"तुम्ही बोटीवर लागलात ते काका गेल्यावर ना? मग ते भेटले कसे?"

मॉरिसनी हात धुतले. सावकाश.

"तो बुडाला नाही. बोटीवरून हवाईतल्या हिलोला उतरला तो तिथेच राहिला. तिथल्या एका मुलीशी लग्न केलं, चर्चमध्ये न जाता. आई म्हणाली, माझ्यासाठी तो मेला. शेजारणींना वाटलं, खरंच बुडून मेला. त्या रडायला आल्या, फादर आले. मग मिस्सा लागली. आणि एकदा लागलेली मिस्सा थांबवायची कशी?"

"म्हणजे जिवंत माणसासाठी आपण मेणबत्त्या लावतोय?"

"आता जिवंत आहे की नाही, ते कुठे माहीत आहे मला? आई वारली तेव्हा त्याचा फोन आला होता. मी परत केला नाही. काय तोंडाने करणार?"

नंबर मात्र त्यांनी जपला होता, 'सेंट अँथनी' नावाने. हरवलेलं शोधून देणारा संत.

"तिकडे आता सकाळ असेल," ग्लेन्डा म्हणाली आणि स्पीकर लावला.

रिंग वाजत राहिली. मग एका बाईचा आवाज, ताठ. "हू इज धिस? डॅड अनोळखी लोकांशी बोलत नाही," असं ती इंग्रजीत म्हणाली. मॉरिसनी स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडे खट्ट आवाज झाला. ग्लेन्डाला वाटलं, ठेवला फोन.

तेवढ्यात मागून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"गिव्ह इट हिअर. ही इज माइन."

मॉरिसनी खुर्ची फोनजवळ ओढली. दोघं भाऊ आधी रडले, मग वसईच्या बोलीत भांडले, मग बोंबलाच्या कालवणावर आले. ग्लेन्डाने कोळंबी फ्रिजमध्ये ठेवली. आज ती होणार नव्हती.

शेवटी मॉरिस ओशाळून म्हणाले, "दादा, एक गोंधळ आहे. या नोव्हेंबरची तुझी मिस्सा फादरना सांगून झालीय."

"राहू दे रे," पलीकडून हसू आलं. "ती जमा धर. आधी तू इकडे ये."

ग्लेन्डाने लॅपटॉप ओढला आणि नायिकेला गाडीतून बाहेर काढून रानात पालथं पाडलं.