बाईंच्या रागाची वाट

बाई सुटल्या, असं आज सगळे म्हणतायत.

मला तसं म्हणवत नाही.

निर्मलाबाई. कळंबच्या शाळेतून रिटायर झालेल्या गाण्याच्या बाई. घरी बसवेना म्हणून गावातल्या मोठ्या माणसांचं समूहगान मंडळ काढलं. किराणावाले, मास्तर, नर्स, विमा एजंट, सगळे.

आणि मी. माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान.

मी काही गायला गेलो नव्हतो. बाई स्कूटीचा आरसा घ्यायला दुकानात आल्या. मी फोनवर डीलरला झापत होतो. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवाज छान खालचा आहे तुमचा. असा वाया घालवू नका. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये या."

आरसा न घेताच गेल्या.

मी गेलो. बाईंना नाही म्हणणं कुणालाच जमायचं नाही.

मंडईतल्या मेथीवाल्याला सुद्धा थांबून सांगायच्या, "अहो, ओरडताना शेवटी आवाज पडतोय तुमचा. मधी श्वास घ्या की."
तो बिचारा एक जुडी जास्तीची द्यायचा. "बाई, जावा आता. गिऱ्हाईक थांबलंय."

आमच्यात सगळ्यात दमदार आवाज इस्माईलभाई टेलरचा. पण माणूस कायम घाईत. गाण्यात पण.

एकदा झेंडावंदनाला भर मैदानात इस्माईलभाई आम्हाला सोडून कडव्याच्या शेवटाला जाऊन थांबले. बाई मागं वळल्या. माईक चालू.

"इस्माईलभाई, पोचलात का? थांबा तिथंच. आमी येतोय मागनं."

अख्खं मैदान हसलं. सगळ्यात जास्त इस्माईलभाई.

मग मागच्या हिवाळ्यात बाईंना लकवा मारला.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. लातूरला नेलं, जीव वाचला. तोंडातून निघायचं ते फक्त "ते... ते..."
पाणी पाहिजे तरी "ते". दार लावा तरी "ते". समोरच्याला कळलं नाही की डोळे भरून यायचे.
आयुष्यभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारणाऱ्या बाई.

आम्ही भेटायला गेलो. इस्माईलभाई अवघडून बाईंनीच चाल लावलेलं एक गाणं गुणगुणायला लागले.

आणि बाई गायल्या.

शब्दांसकट. अख्खं कडवं.

त्यांचे मिस्टर, आमचे आण्णा, स्वयंपाकघरातून हातातलं पातेलं तसंच घेऊन पळत आले.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. बोलणं जातं, गाणं राहतं. गाण्यातून बोलायला लावा, थोडंफार परत येईल.

मग काय, त्या घराचं संगीत नाटक झालं.

आण्णा रिटायर तलाठी. जन्मात कधी गायले नव्हते. भसाड्या आवाजात विचारायचे, "भाजीत मीठ कमी हाय काऽऽ?"
बाई डाव्या हातानं खूण करायच्या. वर. अजून वर. सूर लागल्याशिवाय उत्तर नाही.
मग गाऊन सांगायच्या, "लईऽऽ कमी हाय."

शेजारचे पोट धरून हसायचे. आण्णा खिडकीतून म्हणायचे, "हसा. पण ती बोलली का न्हाय?"

रविवारची प्रॅक्टिस बाईंच्या ओसरीवर व्हायला लागली. डाव्या हातानं त्या आम्हाला सांभाळायच्या. चुकलं की कपाळाला अशी आठी, की बोलणं नसलेलंच बरं वाटावं.

उन्हाळ्यात एका दुपारी आण्णांचा फोन आला. मला वाटलं काही तरी झालं. माणूस रडत होता.
"मला 'अहो' म्हनली. चाल न्हाय, काय न्हाय. सरळ म्हनली. अहो."

आम्ही ठरवून टाकलं. यंदा झेंडावंदनाला बाई खुर्चीवर बसून गाणं घेणार. आण्णांनी त्यांना नवी साडी आणली.

झेंडावंदनाच्या आधी दुसरा झटका आला.

या वेळी गाणं पण गेलं.

आण्णा गाऊन विचारायचे, पाणी देऊ का. बाई भिंतीकडं बघत राहायच्या.
आम्ही जाऊन सगळी गाणी म्हटली. जुनी, नवी, त्यांनी स्वतः बसवलेली. काही नाही.

शेवटी इस्माईलभाईंच्या डोक्यात आलं. "बेसूर गाऊ. लई घाण गाऊ. बाईंना राग येईल. आल्याबिगर राहायचा न्हाय."

आम्ही खाटेभोवती उभे राहिलो आणि जमेल तितकं वाईट गायलो. इस्माईलभाई आमच्या एक ओळ पुढं पळाले. मी नको तिथं आवाज चढवला. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. आमच्यातल्या एकीला हसू आवरेना.

मग सगळ्यांनी बाईंच्या कपाळाकडं बघितलं.

कपाळावर एक आठी नव्हती.

परत गायलो. अजून वाईट.

डावा हात चादरीवर होता, तिथंच राहिला.

आण्णा म्हणाले, "बास करा आता."

बाहेर येऊन इस्माईलभाई ओसरीच्या पायरीवर बसले आणि लेकरासारखे रडले. मी शेजारी उभा.

आण्णा मात्र त्यानंतरही रोज गाऊनच विचारत राहिले. चहा देऊ का. कूस बदलू का. उत्तराला थोडा वेळ थांबायचे, मग स्वतःच ठरवायचे.

आज सकाळी बाई गेल्या.

स्मशानात सगळं आवरल्यावर आण्णा आमच्याकडं वळले. "म्हना की काही तरी. तिला बरं वाटलं असतं."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पहिला सूर कायम बाई द्यायच्या. कुणी खाली धरला, कुणी वर. दुसऱ्या ओळीपर्यंत कसंबसं पोचलो आणि एकेकाचा आवाज बसत गेला.

"राहू द्या," आण्णा म्हणाले. आणि चालायला लागले.

परत येताना रविवारचं कुणीच काही बोललं नाही. मी पण नाही.

प्रॅक्टिससाठी घेतलेली शाळेच्या हॉलची चावी अजून माझ्याकडं आहे. उद्या शिपायाकडं देऊन टाकतो.

बाई, येतो आम्ही.

निर्मलाबाईंना कळंबच्या समूहगान मंडळाचा शेवटचा नमस्कार.