बाबुसो मेस्ताची खार

सुताराच्या दुकानात दोन गोष्टी कुणी मुद्दाम करत नाही: भुसा आणि किस्से. काम वर चाललेलं असतं आणि ह्या दोन्ही गोष्टी खाली पायाशी साचत जातात. भुसा निदान संध्याकाळी झाडून काढता येतो. किश्श्यांचं तसं नाही. पार्शाच्या तिठ्यावर बाबुसो मेस्ताचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. त्याच्या बाकावर मी नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी बसायचो, निवृत्तीनंतर कामाच्या दिवशीही बसतो. इतकं साचलंय की थोडं बाहेर काढलं नाही तर बाकावर मलाच जागा उरणार नाही!

बाबुसोचा दोष एकच. त्याला साधी वस्तू करता येत नाही. पाट सांगितला तर पाटाला कप्पा निघतो आणि कप्प्यात आरसा निघतो. प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो एक बोटभर खार कोरतो.

"अरे, कोरायचीच तर दिसेल तिथे कोर की!" मी एकदा म्हटलं.

"दिसली तर ती जाहिरात, कारकूनबाब," तो म्हणाला. "नाय दिसली तर ती खार."

*

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्याने बायकोला, म्हणजे शेवंतीवयनींना, फणसाच्या लाकडाचं कपाट करून दिलं. कुलूप नाही, किल्ली नाही. डावी फळी दोनदा दाबायची, मधली पट्टी ओढायची, मग उजवीकडे एक चापट. चोराला सात जन्मांत उघडता येऊ नये! वयनींनी मोठ्या विश्वासाने आपला शालू त्यात ठेवला.

पुढे त्यांच्या भावाचं लग्न ठरलं, साखळी गावी. निघायच्या दिवशी मेस्त कपाटापुढे उभा राहिला आणि क्रम विसरला. दाबून झालं, ओढून झालं, चापट्या मारून झाल्या. शेवटी बस चुकायला नको म्हणून वयनी अंगावरच्या सुती लुगड्यानेच गेल्या. त्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी त्याच दिसतात, कारण बाकी सगळ्याजणी रेशमात आहेत.

परत आल्यावर त्यांनी दारात उभं राहून खाली बोट दाखवलं. "ह्यो उंबरो. तुमची एकय वस्त आता ह्याच्या भितर येवंची ना!"

कपाट तिसऱ्या दिवशी उघडलं. मांजराने अंग घासलं होतं. शालू बाहेर निघाला, आणि त्याच्यामागोमाग कपाटही घराबाहेर.

तेव्हापासून गावभर बाबुसोच्या वस्तू आणि त्याच्या स्वतःच्या घरात एकही नाही. गडी वरून हसतो, पण हे त्याला लागलं. काम तो गिऱ्हाइकाचं करतो आणि डोळा त्याचा उंबऱ्यावर असतो.

*

उंबऱ्यावर पहिली चढाई त्याने आदोळी घेऊन केली. आदोळी म्हणजे बसून नारळ खोवायची आपली विळी. बाबुसोची आदोळी मोराची होती. मान पुढे काढलेली, चोचीच्या जागी खोवायचं दातेरी पातं, आणि मागे पिसारा. एकेक पीस कोरायला त्याने दीड महिना घेतला. रस्त्याने जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघायची.

वयनींनीही उंबऱ्याच्या आत उभं राहून बघितली. खूप वेळ बघितली.

"मोर बरो आसा," त्या म्हणाल्या. "पण हांव खंय बसूं?"

पिसाऱ्याने बसायची सगळी जागा खाल्ली होती!

मोर शेवटी गावच्या शाळेत गेला. ड्रॉइंगच्या दत्ताराम मास्तरांनी तो नमुना म्हणून टेबलावर ठेवला आणि पुढची कित्येक वर्षं पोरांनी तो बघून चित्रं काढली. म्हणून आमच्या गावात कुणालाही मोर काढायला सांगा, चोचीला दात काढतो.

*

ह्या दत्ताराम मास्तरांची एक सवय होती. हेडमास्तर समोरून येताना दिसले की छत्री पुढे झुकवायची आणि आपण त्या गावचेच नाही असं निघून जायचं. सोय चांगली होती, फक्त आपल्यालाही समोरचं दिसत नाही. एकदा ते ह्या पद्धतीने सरळ म्हशीवर गेले.

बाबुसोने उपाय काढला. छत्रीचा एक चौकोन कापून तिथे पारदर्शक प्लास्टिक बसवलं. छत्रीला खिडकी! मास्तर खूश. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर समोरून आले, मास्तरांनी छत्री झुकवली, आणि हेडमास्तर थांबून त्या खिडकीतून आत वाकून म्हणाले, "नमस्कार मास्तर. जनगणनेच्या कामाला तुमचं नाव दिलंय."

मास्तर तसेच दुकानात आले. "मेस्ता, खिडकीला पडदा लाव!"

तुम्हांला वाटेल बाबुसो हसला असेल. त्याने पडदा लावला. फुलाफुलांचा, कड्यांवर सरकणारा.

*

पदेर पेद्रू सकाळी सायकलवरून पाव विकतो. त्याची बांबूची टोपली मोडली तेव्हा बाबुसोने त्याला लाकडी पेटी करून दिली. खण तीन: वरच्यात पाव, मधल्यात गोल कडक उंडे, खालच्यात कोंड्याच्या चपट्या पोयी. खण इतके गुळगुळीत की बोट लावलं की बाहेर. सपाट रस्त्यावर पेद्रूने तिचं फार कौतुक केलं.

मग उतार आला.

पहिला खण वडापाशी उघडला, दुसरा विहिरीपाशी, तिसरा देवळापाशी. पेद्रू पुढे भोंगा वाजवतोय आणि मागून कुत्र्यांची मिरवणूक! खाली पोचल्यावर त्याने पेटी बघितली, मागे वळून रस्ता बघितला, आणि सायकल ढकलत परत दुकानात आला.

"मेस्ता, तुझी पेटी माझ्यापेक्षा चांगली विकता," तो म्हणाला. "फक्त गिऱ्हाईक तिचं तीच निवडता."

*

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर मी दुसऱ्यांचीच फजिती सांगतो असा आरोप येईल. तो खरा आहे, पण येऊ नये.

एका चवथीला आमच्या घरची माटोळी बाबुसोने बांधली. गणपतीच्या डोक्यावर आपण लाकडी चौकट टांगून तिला फळं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानातल्या वेली बांधतो, ती माटोळी. बाबुसोने चौकट केलीच नाही. त्याने तराजू केले. तराजूला तराजू, त्याला आणखी तराजू. नारळाच्या समोर पपनसासारखं तोरिंजन, काकडीच्या समोर केळ्यांची फणी. वारा आला की सगळं सावकाश झुलायचं. बघायला वाड्यावरची माणसं रांगेने आली.

विसर्जनाच्या दिवशी भटजींना घाई होती, अजून चार घरं उरली होती. उत्तरपूजा झाली, आणि आम्ही पाट उचलायला वळलो तेवढ्यात त्यांनी सवयीने एक नारळ सोडवून पिशवीत टाकला. समोरचं तोरिंजन वजनाने खाली येत येत बरोबर त्यांच्या नाकासमोर थांबलं आणि डोलायला लागलं. वर सुपाऱ्या हलल्या, काकडी फिरली, सगळी माटोळी भटजींकडे तोंड करून वाकली! सगळं घर बघतंय.

भटजी जुने मुरलेले. त्यांनी हात जोडले, तोरिंजनही सोडवलं, पिशवीत टाकलं. माटोळी पुन्हा सरळ झाली.

"आता समतोल झाला," ते म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

*

मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. दाखला मागायला आलेला माणूस माझ्या टेबलासमोर बसला की उठत नसे. आजोबांपासून सुरुवात करायचा. मी बाबुसोला म्हटलं, "माणसं लवकर उठतील अशी खुर्ची करता येईल?"

त्याचे डोळे चमकले. आठ दिवसांत खुर्ची आली. दिसायला कचेरीतल्या पोर्तुगीज जमान्यातल्या खुर्च्यांसारखीच, पण पुढचे पाय मागच्यांपेक्षा दोन बोटं आखूड आणि बैठक तेल लावल्यासारखी घोटलेली. बसलेला माणूस नकळत पुढे सरकायचा, सरकता सरकता आजोबांवरून एकदम कामावर यायचा आणि आपणच म्हणायचा, "बरं, येतो." साहेबांनी माझ्या कार्यक्षमतेची सर्वांसमोर तारीफ केली. खुर्चीची कुणी केली नाही.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदासाठी मी त्याच टेबलासमोर गेलो. जागेवर नवा कारकून, मोठा सभ्य. "बसा की, काका!"

बसलो. घसरलो. "बरं, येतो" म्हणून बाहेर आलो, आणि रस्त्यावर आठवलं की काम सांगायचंच राहिलं. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेस उभ्यानेच सांगितलं.

बाबुसोला हे कळलं तेव्हा हसता हसता त्याला हातातला पटाशी-हातोडा खाली ठेवावा लागला. "म्हणजे कदेल अजून चालता!"

कदेल म्हणजे खुर्ची. हा शब्द लक्षात ठेवा.

*

पुढे शेवंतीवयनींचे गुडघे गेले. चुलीजवळच्या पाटावरून उठताना भिंत धरायच्या आणि एवढ्या मोठ्याने "आगे बाये!" म्हणायच्या की दुकानात ऐकू यायचं. ऐकू आलं की बाबुसोचा रंधा थांबायचा.

त्याने मुठी असलेलं स्टूल केलं. आढ्याला बांधायची दोरी केली, तिला धरायला लाकडी पोपट. गुडघ्याएवढा उंच पाट केला. तिन्ही वस्तू दारापर्यंत गेल्या आणि तीन वेळा वयनींनी तेच बोट खाली दाखवलं. एकदा मी मध्ये पडायला गेलो.

"भाऊ, त्या लग्नांत तुमी माझो शालू बघूंक नाय," त्या म्हणाल्या. मी परत बाकावर गेलो.

त्याच सुमारास कचेरीत लोखंडी खुर्च्या आल्या आणि जुन्या मागच्या अंगणात पडल्या. त्यांत मला माझं पाप दिसलं. नव्या कारकुनाला विचारून मी ते पेद्रूच्या सायकलवर बांधून बाबुसोकडे आणलं. "हिचे पाय सरळ कर," म्हटलं, "निदान मरताना तरी कुणाला बसू देईल."

बाबुसोच्या हाताशी काम होतं. खुर्ची पंधरा दिवस घराच्या ओसरीवर राहिली, उंबऱ्याच्या बाहेर.

सोळाव्या दिवशी तो दोन लाकडी ठोकळे आणि खिळे घेऊन ओसरीवर आला. मी बरोबर होतो. वयनी त्या खुर्चीवर बसून तांदूळ पाखडत होत्या. पाखडून झालं. दोन्ही हातांत सूप, आणि त्या उठल्या. भिंत नाही, "आगे बाये" नाही. कोंबड्यांना कणी टाकली, येऊन पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

मग त्यांचं लक्ष ठोकळ्यांकडे गेलं. "तें किदें?"

"कदेल सरळ करतां," बाबुसो म्हणाला. "पुढचे पाय आखूड आसत."

"हात लावूं नकात!" वयनींनी सूप खाली ठेवलं. "बसल्यार आपणच उठयता ती माका. कोणा शाण्या मेस्तान केल्या. तुमकां नाय कळूंचें."

बाबुसोने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

वयनींनी खुर्ची उचलली. दारातून सरळ जाईना, म्हणून उंबऱ्यावर ती आडवी केली आणि जाता जाता पदराच्या टोकाने बैठकीखालच्या खारीवरची धूळ पुसली.